वाचकांचे प्रश्न : उभ्या गाडीच्या डिस्कवरचा गंज

पावसाळा सरून रस्ते कोरडे होऊ लागले की या सदराकडे ब्रेकविषयीची पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांतील तीन पत्रे निवडली आहेत. तिन्ही पत्रांमागची काळजी एकच आहे, ती म्हणजे डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, दिसणारा तांबूस थर. त्याचे कारण मात्र प्रत्येक पत्रात वेगळे आहे, म्हणून उत्तरेही वेगवेगळी दिली आहेत.

प्रश्न : आम्ही उभयता जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलाकडे परगावी गेलो आणि सप्टेंबरअखेर परतलो. तेवढे दिवस गाडी घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हँडब्रेक ओढून उभी होती. परत आल्यावर पाहिले, तर पुढच्या दोन्ही चाकांच्या जाळीतून दिसणाऱ्या डिस्क पूर्ण नारिंगी झाल्या होत्या. गाडी हलवताना प्रथम 'टक्' असा मोठा आवाज आला आणि नंतर गल्लीच्या टोकापर्यंत घरघर होत राहिली. एका गॅरेजमध्ये दाखवली असता, डिस्क खाल्ल्या गेल्या आहेत, त्या पॅडसकट बदला, नाहीतर घाटात ब्रेक लागणार नाहीत, असे सांगण्यात आले. गाडी पाच वर्षांची असून एकूण २८,००० किलोमीटर चालली आहे. शेजाऱ्यांची मोटारसायकल त्याच शेडमध्ये तितकेच दिवस उभी होती, तरी तिची डिस्क आरशासारखी स्वच्छ आहे. आमच्या गाडीला हलके लोखंड वापरले आहे का? — एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आपल्या गाडीला हलके लोखंड वापरलेले नाही, आणि आपण लिहिले आहे तेवढ्यावरून डिस्क बदलण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. प्रथम मोटारसायकलचे कोडे सोडवतो, कारण बाकीचे उत्तर त्यातूनच उलगडते.

मोटारसायकलची डिस्क बहुधा स्टेनलेस स्टीलची असते, तर मोटारीची डिस्क करड्या बिडाची असते. बिडात साधारण तीन ते चार टक्के कार्बन असतो आणि त्याचा बराचसा भाग ग्राफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. या पाकळ्यांमुळे उष्णता झटकन पसरते आणि कंपने धातूतच जिरतात, म्हणून ब्रेक दाबल्यावर डिस्क किंचाळत नाही. मोटारीला या दोन्ही गुणांची गरज किती असते, हे आपल्या जिल्ह्यातल्याच उदाहरणाने सांगतो. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना गाडी पाचशे मीटरांहून अधिक खाली येते. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी पाचशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात अठरा लिटरच्या आसपास गार पाणी उकळू शकेल. त्यातला मोठा भाग इंजिन आणि वाऱ्याचा अडथळा यांच्यात जातो हे खरे, परंतु उरलेली सारी उष्णता ब्रेकना पचवावी लागते आणि तिचा अधिक वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. स्टेनलेस स्टील उष्णता इतक्या सहज वाहून नेत नाही. हलक्या मोटारसायकलला ते चालते, मोटारीसाठी बीडच उत्तम आणि ते स्वस्तही पडते.

बिडाचा दोष एवढाच की उघड्यावर त्याला गंज चटकन चढतो. घासलेला बिडाचा तवा ओलाच ठेवला, तर सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो, हे घरोघरी ठाऊक आहे. तव्याला तेलाचा हात फिरवून ठेवता येतो. डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर मात्र तेल, रंग किंवा कोणताही लेप चालत नाही, म्हणून तो भाग कारखान्यातून येतो तोच उघडा येतो आणि गाडीच्या आयुष्यभर उघडाच राहतो. आपल्या भागाला हे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीला कारखाना हलवला आणि तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले, तेव्हापासून इथल्या शेतकऱ्याने पाहिले आहे की जमिनीत चालणारा फाळ चांदीसारखा चमकतो आणि तोच फाळ गोठ्याच्या कोपऱ्यात चार महिने पडला की लाल होतो. फाळ लाल झाला म्हणून कोणी नांगर मोडीत काढत नाही. दोन तास चालवला की तो पुन्हा उजळतो. डिस्कचेही तसेच आहे. गाडी चालती असताना, ब्रेक लावल्यावर डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड तिला रोज घासून स्वच्छ ठेवतात. साताऱ्याच्या पावसाळी हवेत, तेही पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे रात्री पत्र्याला आतून घाम सुटतो, सुमारे चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क नारिंगी होणारच.

आपण ऐकलेला 'टक्' हा आवाज पॅड सुटल्याचा, किंवा हँडब्रेक ओढलेला असल्यामुळे मागच्या ड्रममधले, म्हणजे मागच्या चाकांच्या डब्यासारख्या बंद ब्रेकमधले, लायनर (आतून घासणारे अस्तर) सुटल्याचा होता. पॅड डिस्कला टेकून असतो आणि त्याच्या रंध्रांत ओल धरून राहते. त्या ओलीत दोघांमध्ये गंज वाढतो आणि एखाद्या चिकट पदार्थासारखा त्यांना धरून ठेवतो. गाडी हलताच तो तुटतो. पुढचे चाक हाताने फिरवून पाहिलेत, तर डिस्कवर पॅडच्या आकाराचा एक गडद ठसा दिसेल. बहुतेक वेळा तो आठवडाभराच्या चालवण्यात पुसला जातो.

आता करावयाचे काम. सकाळी रस्ता मोकळा असताना गाडी सपाट, सरळ रस्त्यावर घ्यावी. निघण्यापूर्वी जागेवरच पेडल दाबून ते घट्ट लागते की खोल जाते हे पाहावे, आणि खोल जात असेल तर गाडी हलवूच नये. पहिले दोन-तीन ब्रेक अगदी कमी वेगात, हलके लावावेत, कारण गंजाच्या थरावर पहिल्या दाबाला ब्रेक थोडे उशिरा आणि असमान लागतात. त्यानंतर मागे वाहन नाही याची खात्री करून ताशी ४० किलोमीटरच्या वेगावरून मध्यम, एकसारख्या दाबाने वेग १० पर्यंत आणावा, पाव-अर्धा किलोमीटर ब्रेकला पाय न लावता चालवून डिस्क गार होऊ द्यावी आणि पुन्हा तसेच करावे. असे आठ-दहा वेळा केले की घरघर कमी होत जाते आणि नारिंगी थराच्या जागी करडा, चकचकीत पट्टा दिसू लागतो. चाकांच्या जाळीवर तांबूस भुकटी उडालेली दिसेल. ती ओल्या फडक्याने पुसून टाकावी, अन्यथा ती रिमच्या रंगात बसते. पहिल्याच दिवशी घाटात जाऊ नये. यवतेश्वरच्या चढावर जायला हरकत नाही, परंतु उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच उतरावे.

दोनशे-तीनशे किलोमीटर चालवल्यानंतर जे उरेल, त्यावरूनच डिस्कचा निकाल करता येतो. त्या वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ब्रेक दाबताना पायाला धडधड किंवा स्टिअरिंगला थरथर जाणवते का. जाणवत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. दुसरी, गाडी थंड असताना नखाने पृष्ठभाग तपासावा. नख अडकण्याइतके खड्डे किंवा चर असतील, तर गंज खोल गेला आहे. तिसरी आणि निर्णायक गोष्ट म्हणजे जाडी. प्रत्येक डिस्कवर, बहुधा तिच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर, कमीत कमी चालणारी जाडी मिलिमीटरमध्ये ठसवलेली असते. नव्या डिस्कपेक्षा ती साधारण दोन मिलिमीटरने कमी असते. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजून आलेला आकडा त्याहून खाली असेल, तर डिस्क जोडीने बदलावी. वर असेल, तर बदलण्याचे कारण नाही. डिस्क बदलायला सांगणाऱ्या कारागिराला 'किती मिलिमीटर भरली आणि किती चालते?' एवढाच प्रश्न शांतपणे विचारावा. ज्याने मोजले आहे तो लगेच आकडा सांगतो. ज्याने केवळ रंग पाहून सांगितले आहे, त्याचे म्हणणे आपण ऐकून घ्यावे आणि दुसरीकडे मोजून घ्यावे.

इथपर्यंत मी आपला खर्च वाचवला, आता थोडा करायला सांगतो. उभ्या गाडीत जे खरे बिघडते ते चाकाच्या जाळीतून दिसत नाही. पॅडना डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो, त्या पिना पाणी शिरून किंवा जुने ग्रीस सुकून जाम होतात. तसे झाले की एक पॅड काम करतो आणि दुसरा नुसता बसून राहतो. मागील वर्षी कोरेगावकडची एक गाडी माझ्याकडे आली. बाहेरून पाहावे तर डिस्क लख्ख होती आणि बाहेरचा पॅड बोटभर वाटावा इतका जाड. चाक काढून कॅलिपर उचलला तेव्हा आतल्या पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, संपलेला होता, मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासत होती आणि डिस्कच्या आतल्या बाजूला ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चर पडले होते. खालची पिन बोटांनी तर नाहीच, पकडीनेही फिरत नव्हती. त्या गाडीच्या मालकांनी दोन महिने आधी डिस्कवर गंज नाही म्हणून समाधान मानले होते. म्हणून आपण या वेळी चारही चाके काढून घ्यावीत, पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावून घ्यावे, साधे चाकाचे ग्रीस लावू देऊ नये, आणि आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. मसाला तीन मिलिमीटरच्या आसपास आला असेल, तर पॅड बदलावेत.

ब्रेक ऑइलही पाहून घ्यावे. ते हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु त्यात ३.७ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ऑइल उकळून नळ्यांत वाफेचे बुडबुडे झाले की पेडल फरशीपर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही. घाटात ब्रेक न लागण्याची जी भीती आपल्याला घालण्यात आली, तिचे खरे स्थान इथे आहे. दोन वर्षांत ऑइल बदलले नसेल, तर ते आधी बदलावे.

पुढच्या वर्षी जाताना गाडी धुऊन लगेच शेडमध्ये लावू नये. चार-पाच किलोमीटर चालवून, ब्रेक लावून, डिस्क कोरड्या करून मग लावावी. जागा सपाट असेल, तर हँडब्रेक सोडून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि दोन चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या उतारावर राहणाऱ्यांनी मात्र हे करू नये. तिथे हँडब्रेक हवाच, मग लायनर चिकटले तरी चालतील. प्लास्टिकचे हवाबंद कव्हर घालू नये, त्यात ओल कोंडते. शक्य असल्यास एखाद्या विश्वासू माणसाला पंधरवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवायला सांगावे. जागेवर इंजिन सुरू करून ठेवल्याने ब्रेकला काहीही लाभ होत नाही.

प्रश्न : माझी गाडी विजेवर चालणारी आहे. दर रविवारी मी ती पाइपने धुते आणि सोमवारी सकाळी डिस्क तांबूस दिसतात. आधीच्या पेट्रोल गाडीचा असा गंज पहिल्या चौकापर्यंत निघून जायचा, या गाडीचा तीन-तीन दिवस राहतो. गंज सोडवण्याचा स्प्रे डिस्कवर मारून पुसून घ्यावा, असे एका परिचितांनी सुचवले आहे. मारू का? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : कृपया मारू नये. हे उत्तर मी आधी लिहितो, कारण बाकीचे वाचायचे राहिले तरी चालेल. असा स्प्रे, खोबरेल तेल, ग्रीस, टायर चमकवण्याचे पॉलिश, यांतले काहीही डिस्कला किंवा पॅडला लागता कामा नये. पॅडचा मसाला सच्छिद्र असतो, तो तेल पिऊन घेतो. वरून कितीही पुसले तरी ब्रेक तापल्यावर ते तेल पुन्हा पृष्ठभागावर येते आणि गाडी ऐन वेळी घसरत पुढे जाते. चुकून लागलेच असेल, तर डिस्क ब्रेक क्लीनरने धुवावी आणि तेल प्यालेले पॅड बदलावेत.

गंज तीन दिवस राहण्याचे कारण आपल्या गाडीच्या चालण्यातच आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला किंवा हलका ब्रेक लावला की विजेवरच्या गाडीची मोटरच जनित्रासारखी उलटी चालते, वेग कमी करते आणि वीज बॅटरीत परत भरते. डिस्क आणि पॅड यांना त्यामुळे फार थोडे काम उरते. सांगलीच्या सपाट रस्त्यांवर शांतपणे चालवणाऱ्या व्यक्तीचे पॅड कित्येकदा दिवसभरात धड टेकतही नाहीत. पॅड वाचतात, पण डिस्क घासली जात नाही. यावर उपाय म्हणजे ऊर्जा परत भरण्याची पातळी आठवड्यातून एकदा सर्वांत कमी करून, मोकळ्या रस्त्यावर सात-आठ ब्रेक जरा ठामपणे लावणे. गाडी पूर्ण चार्ज करून निघाल्यावर पहिले काही किलोमीटर बॅटरीत जागा नसल्यामुळे बहुतेक गाड्यांत खरे ब्रेकच अधिक काम करतात, म्हणून हे काम त्याच वेळी केले तर सोपे जाते. रविवारी गाडी धुतल्यावर एक फेरी मारून ब्रेक कोरडे करण्याची सवय लावली, तर सोमवारचा गंज पुष्कळ कमी होईल.

गणपतीपुळ्याला किंवा गुहागरला जाऊन आल्यावर मात्र खालची बाजू आणि चाकांची आतली बाजू साध्या पाण्याने नीट धुवावी, कारण खारी हवा आणि वाळू यांनी चढणारा गंज अधिक चिवट असतो. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा फवारा मारू नये. अर्धा तास थांबावे.

प्रश्न : मी २०१८ सालची एक जुनी गाडी घेण्याच्या विचारात आहे. पाहायला गेलो तेव्हा ती दोन महिने उभी होती आणि डिस्कवर गंज होता. २०१९ च्या महापुरात ही गाडी बुडालेली असणार, डिस्कच सांगते आहे, असे आमचे मेव्हणे म्हणतात. विक्रेते नाकारतात. कोणाचे खरे मानावे? — एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : मेव्हण्यांची शंका रास्त आहे, त्यांनी दाखवलेला पुरावा मात्र टिकणारा नाही. महापुरानंतर ही गाडी चालत राहिली असेल, तर त्या वेळचा डिस्कवरचा गंज पहिल्या आठवड्यातच घासून गेला असेल. आज दिसतो तो या दोन महिन्यांचा आहे. बुडालेली गाडी ओळखायची, तर जिथे एरवी पाणी पोहोचत नाही आणि जिथे काही घासतही नाही, अशा जागी गंज शोधावा लागतो. सीट पुढे सरकवून तिच्या रुळांचे बोल्ट पाहावेत. डॅशबोर्डखाली डोके घालून, विजेरी लावून, पेडलांच्या वरची स्प्रिंग आणि ब्रॅकेट पाहावेत. सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत पूर्ण बाहेर ओढावा. धुताना तो भाग बहुधा विसरला जातो आणि तिथे पाण्याची पातळी दाखवणारी मातकट रेघ राहते. स्टेपनीच्या खाचेत आणि गालिच्याच्या खालच्या नमद्यात कृष्णेचा तो काळपट, पिठासारखा गाळ बोटाला लागतो का हेही पाहावे. या जागा स्वच्छ असतील, तर विक्रेत्यांचे म्हणणे मान्य करावे आणि डिस्कची जाडी मोजून, पहिल्या उत्तरात लिहिल्याप्रमाणे, पुढे जावे.

गाळ सापडला आणि तरीही किंमत पाहून गाडी घ्यावीशी वाटली, तर ब्रेकचे काम सर्वांत आधी करून घ्यावे. मागचे ड्रम उघडून आतला गाळ काढावा, कारण तो लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखे काम करतो. कॅलिपरच्या पिस्टनवरचे रबर उचलून पाहावे. पिस्टनवर गंजाचे टिपके असतील, तर तो पिस्टन पुढे-मागे होताना सील फाडणारच, म्हणून तो बदलावा. चाकांचे बेअरिंग हाताने फिरवून खरखर ऐकावी. ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवे भरावे.

आपण गावभागात राहता, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सुचवतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीकडे चढू लागले की अनेक जण गाड्या विश्रामबागेकडच्या उंच भागात नेऊन लावतात आणि घाईत हँडब्रेक करकचून ओढून परततात. ओल्या ड्रमवर आठ-दहा दिवस आवळून राहिलेले लायनर चिकटतात. पूर ओसरल्यावर गाडी काढताना चाक फिरत नसेल, तर जोराने रेस करून ती ओढू नये, लायनर ज्या लोखंडी बुटावर (ब्रेक शूवर) बसवलेला असतो, त्यापासून उखडतो. हँडब्रेक पूर्ण सोडून गाडी पहिल्या आणि उलट्या गिअरमध्ये हळूहळू झुलवून पाहावी. तरीही सुटले नाही, तर कारागिराला बोलावून, चाक काढून, ड्रमला भोवताली लाकडी हातोड्याने हलके ठोके मारून सोडवून घ्यावे.